चौदा बेंडांचा ताण

सोमवार, ४ मार्च

आजपासून चौदा बेंड माझ्या गळ्यात. मी मागून घेतले, तेव्हा कुरकुरायची सोय नाही.

कागद कारखान्याची वाफेची नवी लाइन आहे. बॉयलरपासून कागद वाळवायच्या हॉलपर्यंत पाइप जातो आणि वाटेत चौदा ठिकाणी वळतो. पाइप तापवून वाकवताना वर्कशॉपच्या हातून गडबड झाली. वळणाशी पाइप गोल राहायचा तो चपटला, अंड्यासारखा झाला. करारात पाच टक्के चपटेपणा चालतो. चौदांपैकी नऊ बेंड त्याच्यावर गेलेत, आणि सगळ्यात वाईट आहे तो सहा पूर्णांक आठ.

प्रश्न सरळ आहे : वापरायचे की मोडीत काढायचे? नवे घडवायचे तर तीन महिने. कारखान्याचा जुना बॉयलर आधीच उतरवलाय. दोनशे माणसं घरी बसून आहेत आणि आठ एप्रिलला वाफ सोडायचं ठरलंय.

साहेबांनी विचारलं, "कोण बघेल?" त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हणाले, "मी बघते." अकरा माणसांच्या आमच्या ऑफिसात सहा जणांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले.

तपासणीला अर्थातच फूटपट्टी सर. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडून एक कागदही बाहेर जात नाही. हातात कायम स्टीलची पट्टी. ती ओळीखाली धरतात, एक ओळ वाचतात, मग पट्टी खाली सरकवतात. अलीकडे तर वाचायचंही समोरच्याकडूनच करून घेतात. माझं त्यांच्याशी फारसं जमत नाही. पण बेंड जमतील.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी शिंपीबुवांना (म्हणजे माझ्या नवऱ्याला, तो खरंच शिंपी आहे, कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे) सगळं समजावून सांगितलं. पाइपात वाफेचा दाब असतो, तो भिंतीला बाहेर ढकलतो, त्यामुळे भिंतीत ताण येतो. पण ताण सगळे सारखे नसतात. काही ताण भार तोलण्यासाठीच असतात. ते हटले तर पाइप फुटतो. हे प्राथमिक. काही ताण नुसते आकार जुळत नाही म्हणून येतात. धातू जरासा सरकला, जागेवर बसला, की आपले आपण उतरतात. हे दुय्यम. प्राथमिकाला मर्यादा कडक, धातूला परवानगी असलेल्या ताणाच्या दीडपट. दुय्यम धरला तर तिप्पट चालतो.

"म्हणजे नवा कोट," तो म्हणाला. "दोन दिवस काखेत काचतो, मग अंगाला बसतो. पण शिवणच कमी दिली असेल तर तो बसत नाही, उसवतो."

"अगदी तेच."

"मग यात अवघड काय आहे?"

"काचतोय की उसवतोय ते आधी ओळखायचं. घालून न बघता."

लेक दूध पिता पिता म्हणाली, "घालून बघा ना मग." ती नऊ वर्षांची आहे. ऑफिसात घेतील का तिला?

सोमवार, ११ मार्च

आकडे आले. सगळ्यात चपट्या बेंडमध्ये एकूण ताण परवानगीच्या एक पूर्णांक नऊ पट. प्राथमिक म्हटलं तर नापास, दुय्यम म्हटलं तर आरामात पास. एका शब्दावर दोनशे माणसांची नोकरी.

माझं मत पक्कं आहे. दाब चपट्या पाइपाला गोल करायला बघतो. तो गोल होऊ लागला की वाकण्याचा ताण कमी होतो, कारण तो ताण होता तोच मुळात चपटेपणामुळे. स्वतःचं कारण स्वतःच मिटवणारा ताण. दुय्यम नाही तर काय?

बेंडच्या पोटाशी, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, दाबाचा ताण थोडा जास्त येतो, पण वाकवताना तिथली भिंत जाड होते. पाठीशी भिंत पातळ होते, पण ताणही कमी. पाइपाने आपल्यापुरती वाटणी नीट करून घेतलीय.

अहवाल बावीस पानांचा झाला, पाच टक्क्यांच्या आतल्या बेंडांचे तक्ते वेगळ्या जोडपत्रात. वाचताना माझाच मला अभिमान वाटला. लिहायला हरकत नाही, ही वही कोणी तपासणार नाही.

बुधवार, १३ मार्च

फूटपट्टी सरांनी दोन तास बसवून घेतलं. बावीसच्या बावीस पानं मोठ्याने वाचायला लावली! शाळेत धडा वाचतात तशी. तक्तेसुद्धा. मध्येच, "बाई, परत वाचा." मी परत वाचते. "बाई, दशांशचिन्ह कुठे?" सांगते. पलीकडच्या टेबलांवर सगळे माना खाली घालून हसताहेत. पंधरा वर्षं काम करतेय मी, आणि ही वागणूक.

शेवटी म्हणाले, "पटतं. पण पटणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तुमचं म्हणणं असं की दाबाखाली तो गोल होतो. होऊ दे की मग."

"म्हणजे?"

"त्याच खेपेतला जादा बेंड वर्कशॉपमध्ये पडलाय. तोंडं बंद करा, पाणी भरा, दाब द्या."

माझ्या लेकीने हेच म्हटलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

आज चाचणी!

जादा बेंडचा चपटेपणा बरोबर सहा पूर्णांक आठ. दोन्ही तोंडांना जाड झाकणं वेल्ड केली, पाणी भरलं, हवेचा बुडबुडाही राहू दिला नाही. आम्ही सगळे विटांच्या भिंतीमागे. वर्कशॉपचा फोरमन जाड काचेतून दाबाचा काटा आणि पाइपाला लावलेले दोन डायल बघून आकडे ओरडत होता, आणि मी लिहून घेत होते.

कामाच्या दाबाला काही विशेष नाही. दीडपटीला सहा पूर्णांक चार. दुपटीला सहाच्या खाली. बेंड माझ्या डोळ्यांदेखत गोल होत होता. तिपटीला पाच पूर्णांक दोन. साडेतीन पटीला फोरमन म्हणाला, "आता पुरे ना बाई? पंप रडायला लागलाय." दाब उतरवला तरी बेंड पाच पूर्णांक तीनवर राहिला. परत मूळ दाबापर्यंत नेला तर पुढे काही सरकेना. अंगाला बसला!

आणि हे चाललेलं असताना आमचे सर काय करत होते? भिंतीला टेकून, डोळे मिटून उभे! वर्षातली एवढी मोठी चाचणी आणि ह्यांना डुलकी. मी मुद्दाम मोठ्याने तक्ता वाचला. दुपटीच्या ओळीला मी "पाच-सहा" म्हणाले, तर सर डोळे न उघडता म्हणाले, "पाच-नऊ म्हणाला होता तो." वही बघितली. पाच-नऊच.

बुधवार, २० मार्च

कारखान्यात जाऊन मॅनेजरना सांगितलं, "चौदाच्या चौदा बेंड चालतील." गडी इतका खूश झाला की माझा हात सोडेना. तारीख आठ एप्रिल कायम. गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. तो उठून उभा राहिला.

सर म्हणाले होते, "जोडपत्रातले तक्ते अजून वाचले नाहीत आपण." मी म्हटलं, त्यातले बेंड तर पाच टक्क्यांच्या आतले आहेत, त्यांचा प्रश्नच नाही. त्यांनी फाइल मिटली. बहुतेक पटलं असावं.

शुक्रवार, २२ मार्च

गंमत. फूटपट्टी सर आमच्या दुकानात गेले होते, पँट शिवायला. शिंपीबुवांनी जेवताना सांगितलं.

"कापडाचे दोन तागे पुढे टाकले, तर बोटांनी चाचपत बसले. मग मला विचारलं, यातला काळा कुठला आणि निळा कुठला."

"परीक्षा घेत असणार तुझी. सवयच आहे त्यांना."

तो म्हणाला, "परीक्षा नव्हती वाटली. जाताना पायरीशी थांबले. मी हात दिला तर धरला त्यांनी."

"तुझ्याशी बरे नम्र वागतात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाटीत आणखी आमटी वाढली. त्याला कधी कधी माझं बोलणं आवडत नाही, तेव्हा तो वाढतो.

सोमवार, २५ मार्च

हे नीट लिहायला हवं.

आज सरांनी राहिलेले तक्ते वाचायला बसवलं. मी रागातच होते. भराभर वाचत सुटले. शेवटी पाइप निमुळता होतो, तिथे तेरा आणि चौदा नंबरचे बेंड आहेत. सगळ्यांत गोल, सगळ्यांत देखणे.

"सरळ पाइप, लांबी बेचाळीस मीटर, भिंत बारा पूर्णांक सात मिलिमीटर. बेंड तेरा, भिंत सहा. बेंड चौदा, भिंत सहा. पुढे मशिनची तोटी, पक्की धरलेली."

"परत वाचा."

परत वाचलं. आणि तिसऱ्यांदा त्यांनी न सांगता वाचलं, कारण माझ्याच कानाला काहीतरी खटकलं. बेचाळीस मीटरचा जाड पाइप. त्यानंतर दोन पातळ बेंड. पुढे न हलणारी तोटी.

पाइप तापला की लांबतो. तो रेटा मी नियमाप्रमाणे दुय्यम धरला होता : बेंड जरासा वाकला की रेटा संपला. पण हा रेटा संपेल कसा? मागचा जाड पाइप दाबलेल्या स्प्रिंगसारखा आहे. पातळ बेंड जरा सरकला की मागून हा आणखी ढकलणार. आख्ख्या लाइनचं सरकणं त्या दोन बेंडांच्याच वाट्याला. नावाने दुय्यम, पण वागणूक प्राथमिकाची. उतरणारच नाही तो ताण. जागेवर बसणार नाही, उसवेल.

"सर," मी म्हटलं, "तेरा आणि चौदा नापास."

"का?"

सांगितलं. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "मग तसं लिहा."

आता कळतंय की चपटेपणाच्या मागे लागून मी गोल बेंडांकडे बघितलंच नाही. हेही कळतंय की सरांनी मला वाचायला लावलं नसतं तर मी ते तक्ते डोळ्यांखालून घालून सोडून दिले असते. आणि त्या दोन बेंडांच्या बरोबर खाली वाळवणीच्या हॉलचं दार आहे. पाळी सुटली की सगळी माणसं तिथूनच जातात.

बुधवारी म्हटलेलं मंगळवारी मागे घ्यायचं आहे. घेईन. चुकले ते दोन बेंडांत, बाकी बारांत नाही.

मंगळवार, २६ मार्च

सर आले नाहीत. "तुम्ही एकट्या जा," म्हणाले. मी गेले.

मॅनेजरचा चेहरा बघवेना. "मॅडम, सहा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात चौदाच्या चौदा चालतील!"

"म्हणाले. आज म्हणते, बारा."

"आणि परवा दहा म्हणाल?"

"नाही. त्या बारांच्याच खेपेतल्या बेंडची चाचणी मी स्वतः बघितलीय. ते बारा मी माझ्या अंगणात लावून खाली खुर्ची टाकून बसेन. हे दोन मात्र काढा."

"त्यांचा चपटेपणा तर सगळ्यात कमी आहे!"

"म्हणूनच फसले मी."

तो उठला, खिडकीशी गेला. "मी सगळ्यांना आठ तारीख सांगून बसलोय. एकेकाच्या घरी फोन गेलाय. काय सांगू त्यांना? ऑफिसातल्या बाईंचं मन बदललं?"

मी कागद पलटून चित्र काढलं : लांब पाइप, दोन बेंड, खाली दार, दारात माणसं. माणसं मला काढता येत नाहीत, काड्याच येतात. तरी तो त्या काड्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"किती दिवस?"

"एक आठवडा. या मापाचे जाड बेंड तयार मिळतात. आणि अलीकडचा एक आधार आठ मीटर मागे सरकवायचा, म्हणजे सरळ पाइपालाही थोडं वाकायला जागा मिळेल. सगळा रेटा एका ठिकाणी जाणार नाही."

"पंधरा एप्रिल?"

"पंधरा एप्रिल."

हात नाही मिळवला आज. पण दारापर्यंत सोडायला आला.

बुधवार, २७ मार्च

सुधारित अहवाल घेऊन सरांकडे गेले. शेवटच्या पानावर 'तपासले' लिहिलेल्या चौकटीत ते सही करतात. आज त्यांनी पेन उलट माझ्याकडे केलं.

"ही चौकट आता तुमची. हा अहवाल साहेब तपासतील, कारण तो तुमचा आहे. पुढचे तुम्ही."

"आणि तुम्ही?"

"मला दिसत नाही, बाई. कडेचं दिसतं, मधलं जातं. आकडा मधेच असतो. दोन वर्षं झाली. काल साहेबांना सांगितलं."

मी उभीच राहिले. मोठ्याने वाचून घेणं, भिंतीमागे मिटलेले डोळे, दुकानातलं काळं आणि निळं कापड. नवऱ्याने तर हातात आणून दिलं होतं, मी त्यावर विनोद केला. जगातले ताण ओळखणारी मी!

वाईट वाटलं. आणि मग, खरं लिहायचं तर, राग आला.

"सर, दोन वर्षं तुम्ही सह्या करत होता."

"न ऐकलेल्या एकाही ओळीवर नाही."

"वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं असेल तर? मी चाचणीत पाच-नऊचं पाच-सहा वाचलं होतं."

त्यांनी पट्टी उचलली आणि परत टेबलावर ठेवली.

"हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं," ते म्हणाले. "रोज सकाळी ठरवायचो. मग कोणीतरी फाइल घेऊन यायचं, मी चूक काढायचो, आणि वाटायचं, अजून चालतंय की."

त्यांचा आवाज तसाच होता, तक्ता वाचल्यासारखा. मी खाली बसले. म्हटलं, या दोन वर्षांतल्या तुमच्या सगळ्या फाइली मला पुन्हा तपासायच्या आहेत. वाटलं, दुखावतील. त्यांनी खणातून यादी काढली. टपोऱ्या अक्षरात लिहिलेली, सात फाइली, कुठली आधी बघावी त्या क्रमाने.

"मी वाट बघत होतो, हे कोण मागेल याची," म्हणाले.

बुधवार, ३ एप्रिल

सातही फाइली झाल्या. मी वाचते, सर ऐकतात, एक नवी मुलगी मूळ कागदांशी ताडून बघते. ऑफिसात आता कोणी हसत नाही. साहेब स्वतः येऊन दोनदा बसले.

एक चूक सापडली. पाइपाच्या एका आधारावर येणारं वजन उलट लिहिलेलं, बहात्तर किलोंच्या जागी सत्तावीस. आधार शंभर किलो पेलणारा बसवलाय, तेव्हा धोका नाही. तरी त्या ग्राहकाला पत्र गेलं, सरांच्या नावाने. त्यांनीच सांगितलं तसं लिहायला. सही करताना पट्टी आडवी धरून, तिच्या कडेने पेन नेलं. सही सरळ आली.

शिंपीबुवांना म्हटलं, "तुला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

"अंदाज होता."

"मग स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तू अहवालात होतीस."

सोमवार, १५ एप्रिल

वाफ सुटली!

सकाळी आठला झडप पाव फेरा उघडली. लाइन हळूहळू तापवली, तीन तास. बेंड तेराजवळ मी पाइपाला एक काटा आणि मागे मोजपट्टी लावून घेतली होती. लाइन पूर्ण तापली की काटा चौतीस मिलिमीटर सरकायला हवा, असा माझा हिशोब. सर आले होते. मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत, माझ्या खांद्यावर बोटं टेकून उभे राहिले.

"किती?" दर पाच मिनिटांनी.

"अकरा."

"किती?"

"एकोणीस. सर, तापू द्या तरी."

अकराला पूर्ण दाब, पूर्ण तापमान. कुठे धूर नाही, गळती नाही. आत वाळवणीचे रूळ फिरायला लागले आणि पहिला कागद बाहेर आला, तेव्हा हॉलमधून जो आरडाओरडा झाला त्यात मॅनेजरचा आवाज सगळ्यात मोठा होता. बाहेर येऊन त्याने माझा हात धरला. मागच्यापेक्षा जरा कमी वेळ, पण घट्ट.

"किती?" सर.

"एकतीस. थांबलाय."

"हिशोबात चौतीस."

"हो."

"तीन कुठे गेले?"

आजूबाजूला माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत आणि ह्यांना तीन मिलिमीटर हवेत! पण मलाही हवे होते. मी म्हटलं, "उद्यापर्यंत सांगते."

मंगळवार, १६ एप्रिल

सापडले. काटा शून्यावर लावला त्या दिवशी दुपार होती आणि पाइप उन्हात तापलेला होता, वीसऐवजी चाळीस अंशांवर. म्हणजे दोन मिलिमीटर तो आधीच चालून गेला होता, आम्ही मोजायला सुरुवात करायच्या आधी. फोरमनच्या वहीत वेळ आणि तापमान दोन्ही लिहिलेलं मिळालं.

सरांना घरी फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "परत वाचा" म्हटलं नाही.

"दोन झाले," म्हणाले. "आणि उरलेला एक?"

मी विचार केला. आधारांचं घर्षण असेल, पट्टीची जाडी असेल, माझा डोळा असेल. शोधता आलं असतं.

"तो पाइपाला ठेवू द्या, सर."

मला वाटलं, झालं, आता एक तास बौद्धिक. मग फोनमधून एक विचित्र आवाज यायला लागला, खोकल्यासारखा. क्षणभर घाबरलेच. पंधरा वर्षांत कधी ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. ते हसत होते.